स्क्रीनशॉट काढला, पण गेला कुठे?

रावेर-यावलकडे केळीच्या विम्याची मुदत संपत आली की ऑनलाइन अर्जांना गर्दी होते. पैसे कटतात, पावती येण्याआधीच पान अडकतं, मग घाईघाईत कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन दाबलं जातं. नंतर फाइल शोधायला गेलं तर फाइलच नाही. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत जातं, फोल्डरमध्ये नाही. त्यानंतर एखादा मोबाइल नंबर जरी कॉपी केला तरी चित्र गेलं.

म्हणून अशा कामाला विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळवंडते आणि पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पीएनजी फाइल पडते. काळवंडली नाही, तर प्रिंट स्क्रीन दुसऱ्या कामाच्या बटणावर छापलेलं असेल. सोबत एफएन धरा. एवढं करूनही फाइल दिसत नसेल तर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, बघा. त्याचा बॅकअप चालू असेल तर पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो. फुकटची ५ जीबी जागा भरली की वर चढवणं थांबतं, पण फाइल लॅपटॉपवर असते.

विंडोज ११ मध्ये आता नुसत्या प्रिंट स्क्रीनवर बहुधा स्निपिंग टूल हे विंडोजचंच स्क्रीनशॉटचं ॲप उघडतं. जुनी सवय मोडवत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ते बंद करता येतं. मी म्हणेन राहू द्या. ड्रॉपडाउन मेनूचं चित्र हवं असतं तेव्हा हेच टूल कामाचं: त्यात ३, ५ किंवा १० सेकंदांचा उशीर लावा, तेवढ्यात मेनू उघडून ठेवा.

पुरावा म्हणून चित्र काढत असाल तर कातरू नका. वरचा वेबसाइटचा पत्ता, ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ, तिन्ही दिसायला हवं. लांबलचक पान एकसंध हवं असेल तर एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस. फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करून टेक स्क्रीनशॉट. पण त्या चित्रात पत्ता आणि घड्याळ येत नाही, तेव्हा पैशांच्या व्यवहारात साधा पूर्ण स्क्रीनशॉटही काढाच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि बारीक आकडे फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आधार क्रमांक झाकायचा तर भरीव काळा चौकोन ठेवा. हायलायटर पेनची काळी रेघ अर्धपारदर्शक असते. ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. २०२३ मध्ये तर विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येच दोष सापडला होता: कातरून त्याच फाइलवर सेव्ह केलं तर कापलेल्या भागाचा मजकूर फाइलमध्ये उरायचा. तो दुरुस्त झाला, पण तेव्हाच्या कातरलेल्या फाइली अजून कुणाकडे असतील तर त्या तशाच आहेत.

आता रेकॉर्डिंग. लहान कामाला विंडोज ११ चं स्निपिंग टूल पुरतं: विंडोज, शिफ्ट, आर, मग भाग निवडायचा आणि स्टार्ट. सुरू करण्याआधी माइकचं चिन्ह चालू आहे ना, बघा. विंडोज, ऑल्ट, आर दाबून चालणारा गेम बार एकाच खिडकीचं रेकॉर्डिंग करतो. तुम्ही दुसरी खिडकी उघडून समजावत बसता, व्हिडिओत मात्र पहिलीच. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर त्यात येतच नाहीत.

तासाभराचा वर्ग रेकॉर्ड करायचा तर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. स्क्रीन काळी दिसली तर बहुधा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि ओबीएस भलत्याच चिपच्या आधाराने चालतंय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्या. सिनेमाच्या ॲपवरचा काळा चौकोन वेगळा; ते कॉपीचं कुलूप आहे, त्यावर इलाज शोधू नका.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. बॅटरी मेलेला लॅपटॉप, त्यात लाइट गेली, की अनुक्रमणिका लिहायचीच राहते आणि अख्खं रेकॉर्डिंग उघडत नाही. एमकेव्हीत लाइट जाईपर्यंतचं वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या रिमक्सने त्याचं एमपी४ होतं, मिनिटभराचं काम. बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा; २५०० केबीपीएस बिटरेटला मिनिटाला साधारण १९ एमबी धरा, म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या आत.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि व्हिडिओ अडखळतो. ६० ऐवजी ३० एफपीएस (सेकंदाला चित्रं) ठेवा, एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग, हार्डवेअरचा निवडा. कूलर बंद करून तर बसवणार नाही, म्हणून इअरफोनचा माइक तोंडाजवळ घ्या आणि ओबीएसमध्ये माइकच्या फिल्टर्समधून नॉइज सप्रेशन लावा. कूलरची घरघर बरीच मरते. पाण्याचा टपटप आवाज मात्र उरतो.