काट्यावर दिसणारे आणि न दिसणारे वजन

आज तपासणीत मुलीचे वजन पुन्हा वाढलेले निघाले. भेटायला आलेल्यांनी ‘बाळसे धरलेय’ म्हणून समाधान व्यक्त केले. मला मात्र आनंद करावा की काळजी, हे ठरवता आले नाही. तिच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांच्या पहिल्या टप्प्यात, साधारणपणे चार आठवडे, स्टेरॉइड रोज घ्यावे लागते आणि त्याने भूक अशी खवळते की मूल मध्यरात्री उठून जेवायला मागते. गाल फुगतात, पोट सुटते, अंगात पाणी साठते. पण त्याच वेळी मांड्यांचे स्नायू झिजत असतात. ती जमिनीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून स्वतःला वर ढकलते, ही गोष्ट काटा सांगत नाही. त्यात व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाने पायांच्या नसांनाही इजा होते.

पलीकडच्या खाटेवरील मुलाच्या पोटात गाठ आहे. त्याचे वजन कागदावर ठीक दिसते, कारण गाठही त्याच्याबरोबर मोजली जाते. म्हणून आहारतज्ज्ञ त्याच्या दंडाचा घेर फितीने घेतात. ही साधी फीत मला काट्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

पुढे मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाने तोंड येऊ शकते, चव जाऊ शकते आणि वाढलेले वजन भराभर उतरू शकते. अशा वेळी नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागले तर तो पालकांचा पराभव नसतो, हे मी स्वतःला बजावून ठेवले आहे. स्टेरॉइड चालू असताना मुलाला उपाशी ठेवणेही मला पटत नाही. मीठ कमी करावे, पोटभर राहील असे द्यावे आणि जमेल तितके चालवावे, एवढेच आपल्या हाती असते.

उपचार संपले की सारे आपोआप पूर्ववत होते, असेही नाही. या आजारातून बऱ्या झालेल्या मुलांमध्ये लठ्ठपणाचा धोका पुढेही राहतो, आणि मेंदूला किरणोत्सर्ग द्यावा लागला असेल तर वाढीच्या संप्रेरकावर परिणाम होऊन उंचीही खुंटू शकते. म्हणून पुढच्या भेटीत वजनाबरोबर उंची आणि दंडाचा घेरही फाईलमध्ये नोंदवून घेणार आहे, आणि पायांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टची वेळ मागणार आहे.