पिवळ्या त्रिकोणाचं काय?

आमचं कृषी सेवा केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, बाजार समितीच्या रस्त्याला. दुकान मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभं केलं. परवाना आता माझ्या नावावर आहे, कारण मी बीएस्सी ॲग्री. मध्यंतरी नियम बदलला. कीटकनाशक विकणाऱ्याकडे शेतीची नाहीतर रसायनशास्त्रासारख्या विज्ञान-विषयाची पदवी, निदान ठरवून दिलेला अभ्यासक्रम तरी हवा असं झालं, तेव्हा तालुक्यात पदव्यांना एकदम भाव आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि गल्ल्यावर बारावी नापास काका, अशी दुकानं मी आजही दाखवू शकते. दाखवणार नाही, सगळी ओळखीतली आहेत.

नव्या कीटकनाशक कायद्याची चर्चा निघाली की आमच्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला सूर लागतो. बंदी नको, शेतकऱ्याला प्रशिक्षण द्या. औषध वाईट नसतं, वापरणारा चुकतो. कंपन्यांचे प्रतिनिधी त्यावर लगोलग अंगठे टाकतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते ग्रुपवर चार ओळींत मावत नाही, म्हणून इथे.

आधी बाटलीवरच्या त्या चौकोनाबद्दल. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. गिऱ्हाईक त्याला त्रिकोणच म्हणतं. हा रंग ठरतो कसा, हे पदवी घेतलेल्यांनाही विचारून बघा. प्रयोगशाळेतले निम्मे प्राणी मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलीग्रॅम लागतं, त्यावर. पोटातून दिल्यावर ५० मिलीग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा. म्हणजे हा रंग फक्त एवढंच सांगतो, की उंदीर आज मरेल का. पोटातल्या बाळाचं काय होईल, अंगणात मातीत खेळणाऱ्या पोराचं पाच वर्षांनी काय होईल, तुरीच्या फुलावरच्या मधमाशीचं काय होईल, याचं त्या रंगात काहीही नाही.

क्लोरपायरीफॉस घ्या. आमच्याकडे सगळे ‘क्लोरो’ म्हणतात. हुमणीला क्लोरो, वाळवीला क्लोरो, घराच्या पायात ओतायलाही क्लोरो. त्रिकोण पिवळा. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं अशी वर्षानुवर्षं तपासली. गर्भात असताना ज्यांचा या रसायनाशी संबंध जास्त आला, त्या मुलांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक सातव्या वर्षी कमी भरला. युरोपने २०२० मध्ये ते बंद केलं. २०२५ मध्ये वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते गेलं, काही सवलती ठेवून. आपल्याकडे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालायचा मसुदा निघाला, त्यात क्लोरो होतं. मग हरकती, समित्या, पुन्हा हरकती. २०२३ चा आदेश आला तेव्हा डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिल गेली, मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्केवालं द्रावणही गेलं. क्लोरोवर बंदी आली ती बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखू एवढ्यापुरती.

म्हणजे तीच बाटली संत्र्यावर बेकायदा आणि बांधापलीकडच्या दुसऱ्या पिकावर कायदेशीर. माझ्या काउंटरवर याचा अर्थ काय? समोरचा म्हणतो, ‘मॅडम, एक लिटर क्लोरो.’ मी विचारते कशासाठी, तो म्हणतो वाळवीसाठी. झालं. त्याची संत्र्याची बाग मला ठाऊक असली तरी त्याच्या मागे शेतात जायला मी काही पोलीस नाही. अशी पिकापुरती बंदी फरीदाबादला, केंद्राच्या कीटकनाशक मंडळात, कागदावर छान दिसते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी होती. त्यानंतरही ‘मोनो’ आमच्याकडे सतरा-अठरा वर्षं उघड्यावर खपलं, आणि त्यातलं वांग्यावर किती पडलं हे देवाला माहीत.

पॅराक्वाटचंही तसंच. तणनाशक, त्रिकोण पिवळा, पण पोटात गेलं तर डॉक्टरांकडे त्याचा उतारा नाही. कपाशीत ज्या फॉस्फरसवाल्या औषधांची बाधा होते, तिला निदान ॲट्रोपिन आहे. युरोपात पॅराक्वाट २००७ पासून नाही. इथे ते किराण्याच्या गतीने विकलं जातं.

आता मुलं यात कुठे येतात ते सांगते, कारण ग्रुपवर कुणी तरी नक्की म्हणेल की मुलं काय फवारायला जातात का.

शनिवारी सकाळची शाळा असते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा सुटली की पाचवी-सहावीची पोरं चिठ्ठी घेऊन दुकानात येतात. ‘काकू, पप्पानं धाडलं.’ चिठ्ठीवर बापाच्या अक्षरात दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक. पोरगं दप्तराचा पुढचा कप्पा उघडून उभं राहतं, त्यात डब्याची पिशवी आणि कंपास. मी माल देत नाही, बापाला फोन लावते. तिकडून आवाज येतो, ‘द्या ना मॅडम, माणसं लागली वावरात, मी कुठं येऊ?’ त्याचंही खोटं नाही. फवारणारे पंपावर मजुरी घेतात, त्यांना तासभर बसवून ठेवणं परवडत नाही. मी नाही म्हटलं की पोरगं समोरच्या दुकानात जातं. बिलावर नाव आहे, गाव आहे, बॅच नंबर आहे, मुदत आहे. वयाचा रकाना नाही.

फवारणी करणाऱ्या मजुरांची घरं एका खोलीची. पंप रात्री खाटेखाली, कारण बाहेर ठेवला तर चोरीला जातो. भिजलेला सदरा बायको बाकीच्या कपड्यांतच धुते. तान्हं मूल धुऱ्यावरच्या बाभळीला झोळीत. पंप भरायला पाणी नाल्यातलं, रिकामी बाटली विसळायची तीही नाल्यात, आणि दहा पावलांवर शेळ्या पाण्याला येतात. रिकाम्या बाटल्यांचं काय करायचं ते नियमात व्यवस्थित लिहिलंय, माहितीपत्रकातही लिहिलंय. ते माहितीपत्रक एकदा हातात घेऊन बघाच. पातळ कागद, लुंगीच्या चुणीसारख्या घड्या, अनेक भाषा, आणि मराठीचा भाग शोधेपर्यंत माणूस कंटाळतो. अक्षर एवढं बारीक की मामाजी भिंग घेऊनही अर्ध्यात सोडतात. त्यात ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ हे असतंच. एका खोलीत दूर म्हणजे कुठे, हे कंपनीने लिहिलेलं नाही.

बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ ला शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने सांगितलं, की अशी अतिविषारी रसायनं विकसनशील देशांनी बाजारातून काढून टाकावीत, कारण तिथे ती सुरक्षितपणे हाताळणं आणि साठवणं होत नाही. आपल्याकडे मोनो जायला त्यानंतर दहा वर्षं लागली. वर जुना साठा मुदत संपेपर्यंत विकायची मुभा.

२०१७ चं आमच्या जिल्ह्याबाहेर कुणाला फारसं आठवत नसेल. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फवारताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, दवाखान्यात शेकडो होती. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी जुन्या औषधांना दाद देईना, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करत होते. त्यात बारीक तुषार उडवणारे बॅटरीवाले पंप, दमट ऊन, अंगावर बनियन. नंतर चौकशी झाली, काही दुकानदारांवर आणि कंपन्यांवर गुन्हे दाखल झाले, आणि सुरक्षा किटांचा महापूर आला. हातमोजे, मास्क, गॉगल. आमच्या दुकानातूनही वाटले. सप्टेंबरच्या उन्हात सहा फुटी कपाशीत शिरून पाठीवर भरलेला पंप घेऊन तो मास्क अर्धा तास लावून दाखवा, मग प्रशिक्षणावर बोलू. गॉगल पोरांनी होळीला वापरले.

त्या प्रकरणानंतर राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत बंदी घातली. साठ दिवसांची! साठच का, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचं कलम २७. राज्याला फार तर साठ दिवस विक्री थांबवता येते, चौकशी संपली नाही तर आणखी तीस. कायमची बंदी दिल्लीच घालणार. शेतीत राज्याचा अधिकार आहे म्हणतात, पण आपल्याच जिल्ह्यात माणसं मरत असताना राज्याच्या हातात एवढंच.

दुसरं, एकदा नोंदणी मिळालेल्या औषधाला त्या कायद्यात मुदतच नाही. माझ्या परवान्याची तपासणी होते, दुकानातल्या बाटलीला मुदत असते, पण त्या रसायनाची नोंदणी कुणी उठवेपर्यंत चालू. दर दहा-पंधरा वर्षांनी नवं संशोधन समोर ठेवून कंपनीने स्वतःच सिद्ध करावं की हे अजून चालण्यासारखं आहे, अशी युरोपातली पद्धत. आपल्याकडे धोका सिद्ध करायचं ओझं मरणाऱ्याच्या घरच्यांवर. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजार ते पन्नास हजार रुपये. हंगामात एखाद्या बऱ्या दुकानाची एका दिवसाची विक्री याहून मोठी असते. २००८ मध्ये नवं विधेयक राज्यसभेत आलं, बारगळलं. २०२० मध्ये दुसरं आलं, स्थायी समितीकडे गेलं. निरीक्षक अजून आमच्याकडे येतात ते १९६८ च्याच कायद्याने. ते सॅम्पल काढतात, ते माल अस्सल आहे की बनावट हे बघायला. अस्सल मालच घातक असेल तर त्यांच्या फॉर्मात त्याला जागा नाही.

बंदीने शेती बुडते हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससकट सगळी अतिविषारी औषधं काढली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि भाताचं उत्पन्न घटलं नाही. लोकांना रासायनिक साक्षर करून हे झालेलं नाही, कपाटातली बाटली बदलून झालं. लांब कशाला, आपल्याकडे फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. शेतकरी त्याला थायमेट म्हणतात. उमरखेडकडचे हळदवाले, ऊसवाले सगळे त्याचे जुने गिऱ्हाईक. पहिल्या हंगामात लोक काउंटरवर वाकून हळूच विचारायचे, ‘आतमंदी असल ना एखांदं पाकीट?’ दुसऱ्या हंगामात विचारणं कमी झालं. आता नवी पोरं त्या नावाने काही मागतच नाहीत. हळद आजही आहे.

एंडोसल्फानचं केरळात कासरगोडला काय झालं ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं, आणि मुलांची दोन पिढ्यांची दुखणी मागे राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर बंदी घातली. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आमच्या धंद्यात ‘त्याला पर्याय नाही’ हे वाक्य पाठ होतं. आज क्लोरोबद्दल तेच वाक्य, शब्दही तेच.

मग दुकान चालवायचं कशावर, हा ग्रुपवरचा खरा प्रश्न. बाकी सगळं त्याच्यावरचं पांघरूण आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण आपापली बिलं काढून बघा. क्लोरो, पॅराक्वाट ही जुनी औषधं, बनवणाऱ्या कंपन्या पन्नास, त्यामुळे भावात मारामारी आणि लिटरमागे सुटतं ते चहापाण्याला. पैसा बियाण्यात, खतात आणि नव्या औषधांत आहे. जुनी औषधं गेली तर विक्रेत्याचं नुकसान एकाच कारणाने होतं. बंदी येते तेव्हा गोडाऊनमध्ये पडलेला माल कुणी परत घेत नाही. स्कीमच्या नादात, टार्गेटच्या दबावाखाली आपण पेट्या उचललेल्या असतात. कंपनी म्हणते सरकारला विचारा, सरकार म्हणतं मुदत संपेपर्यंत विका. आणि मुदत संपेपर्यंत विका म्हणजे, घातक ठरलेला माल आणखी वर्ष-दोन वर्षं त्याच एका खोलीच्या घरांत जाऊ द्या.

म्हणून नव्या कायद्यात बाकी काही असो नसो, मला तीन गोष्टी हव्यात. लहान मुलांच्या वाढीवरचा परिणाम तपासल्याशिवाय नोंदणी नको आणि ती दर दहा वर्षांनी पुन्हा तपासा. राज्याला साठ दिवसांच्या पुढे बंदीचा अधिकार द्या. आणि बंदी आली की कंपनीने तीस दिवसांत दुकानातला माल बिलाच्या किमतीने उचलून न्यावा, हे सक्तीचं करा. हे शेवटचं कलम घातलं ना, तर आमच्या ग्रुपवरचे निम्मे विरोधक दुसऱ्या दिवशी बंदीच्या बाजूने बोलायला लागतील. अंगठे टाकणारे प्रतिनिधी तेवढे गप्प होतील.