आय ऑफ द वर्ल्ड, चॅप्टर ४० पर्यंत: लॅग थिअरी जिवंत आहे, पण केमलिन रोडनं घाम काढला

स्पॉइलरची हद्द आधीच सांगते, रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' या फँटसी मालिकेचं पहिलं पुस्तक, चॅप्टर ४० पर्यंत. त्यापुढचं काहीही नको, अगदी "वाच, कळेल तुला" असं गालातल्या गालात हसणंसुद्धा नको, कारण आधीच सगळं वाचून बसलेली तुम्ही जुनी मंडळी कुठे हसता आणि कुठे एकदम गप्प बसता यावरूनच अर्धं फुटतं.

तर राणीची राजधानी केमलिन आलं एकदाचं. आपला खेड्यातला हिरो रँड भिंतीवरनं थेट राणीच्या बागेत पडला, राजकन्या एलेन आणि तिचा भाऊ गॉविन भेटले, राणीची सल्लागार एलायडानं ते अंगावर काटा आणणारं भविष्य सांगितलं, म्हणजे मसाला भरपूर आहे. आणि आज खरं तर रँडबरोबरच्या भटक्या कलाकारावर, थॉमवर, लिहायचं होतं, कारण तो मेलेला नाही या माझ्या हट्टाला आता खानावळवाल्या बेसल गिलचा पाठिंबा मिळालाय, प्रेत बघितल्याशिवाय तो पण मानायला तयार नाही. इतकं बरं वाटलं ना ते वाचून! व्हाइटब्रिज गावात आपण थॉमला फेडच्या, म्हणजे त्या बिनडोळ्यांच्या राक्षसाच्या, अंगावर धावून जाताना बघितलं, निळा लखलखाट बघितला, बास. माणसांभोवती भविष्याची दृश्यं दिसणाऱ्या मिनला थॉमबद्दल दिसलेला आगीचे गोळे खेळवणारा माणूस थॉम नाहीये हे तीच सांगते, तो पुतण्या ओविन असणार असं मी धरून चाललेय, आणि जादू वापरणाऱ्या बायकांच्या व्हाइट टॉवरचा हिशोब अजून बाकी आहे. हिशोब बाकी असलेला माणूस लेखक असा रस्त्यात संपवत नाही.

पण थॉम राहू दे. रँड आणि त्याचा मित्र मॅट केमलिनकडे जातात त्या केमलिन रोडच्या चॅप्टर्सनी माझी अख्खी टाइमलाइन मोडून ठेवली आणि ती परत उभी करण्यातच सगळा वेळ गेला.

लॅग थिअरी, म्हणजे रँड नकळत चॅनल करतोय (जादू वापरतोय) आणि त्याची लक्षणं उशिरानं दिसतात, ही तुम्हाला माहितीये, तरी परत एकदा नीट मांडते कारण आता पुरावे वाढलेत. शादार लोगोथ या ओसाड शहरानंतर व्हाइट टॉवरची मॉइरेन रँडच्या गावच्या नायनीवला सांगते की तू चॅनल करतेस आणि तुला ते माहीतच नाही. पहिल्यांदा सोर्सला, म्हणजे जादूच्या उगमाला, स्पर्श झाला की लगेच काही होत नाही, आठवडा-दहा दिवसांनी रिअॅक्शन येते, ताप, थंडी, डोकं दुखणं किंवा उगाच हवेत असल्यासारखं वाटणं आणि मूर्खासारखं धाडस करणं, आणि काही तासांत सगळं गायब. पुढच्या प्रत्येक वेळी हे अंतर कमी कमी होत जातं. आता गंमत बघा, ही लक्षणांची यादी आपल्याला मिळते तेव्हा बेअरलॉन हे गाव मागे पडलेलं असतं. म्हणजे लक्षण आधी दाखवलंय आणि यादी नंतर दिलीये, त्यामुळे पहिल्या वाचनात कुणी मागे वळून बघतच नाही. मी वळले, कारण बेअरलॉनमध्ये धर्मवेड्या व्हाइटक्लोक्स सैनिकांसमोर दात काढत उभा राहिलेला रँड मला तेव्हाच खटकला होता. हा पोरगा मॉइरेनशी बोलताना शब्द मोजून बोलतो आणि इथे तलवारवाल्यांना हसतोय?

मग मागे जाऊन कारण शोधलं तर बेला सापडली. त्यांच्या गावातून, एमंड्स फील्डमधून, पळतात त्या रात्री रँडला एकच चिंता, त्याची मैत्रीण एग्वेन ज्या घोडीवर बसलीये ती गाडी ओढणारी झुबकेदार बेला मागे पडू नये, तो मनातल्या मनात तिला पळ पळ म्हणत राहतो. नंतर मॉइरेन एकेका घोड्याचा थकवा काढत येते आणि बेलाला त्याची फारशी गरजच नसते. लढाईच्या आणि राजेशाही घोड्यांच्या बरोबरीनं रात्रभर पळून! तिथून बेअरलॉनपर्यंतचे दिवस मोजा, आठवड्याच्या आसपास बसतं. आधी जादू, मग रिअॅक्शन, जोडी नंबर एक.

दुसरी जोडी बोटीवरची. ट्रॉलॉक नावाचा राक्षस अंगावर येतो, डोलकाठीचा आडवा वासा नेमका त्याच क्षणी फिरतो आणि त्याला उडवून लावतो, रँडला वाटतं नशीब. मग थोड्या दिवसांनी साहेब डोलकाठीच्या टोकावर चढून हसत लटकलेत आणि थॉमला वर जाऊन त्याला समजावून खाली आणावं लागतं. हे अंतर पहिल्यापेक्षा कमी आहे. तिसरी जोडी फोर किंग्ज गावातली, कोंडलेल्या खोलीवर वीज पडते आणि खिडकीचे गज आणि भिंत फुटून वाट मोकळी होते, आणि नंतर रँडला तबेल्यात आलेला तो ताप.

आणि इथेच गाडं अडलं. वीज आणि ताप यांच्यात किती दिवस गेले? थिअरी खरी असेल तर हे अंतर तिन्हीत सगळ्यात कमी पाहिजे. पण हे चॅप्टर सरळ चालतच नाहीत, आधी नंतरचं दाखवतात मग आधीचं, फ्लॅशबॅकमध्ये अजून एक फ्लॅशबॅक, धूळ, कुंपण, शेतकऱ्याची गाडी, खानावळ, परत धूळ, आणि रँड-मॅट प्रत्येक ठिकाणी सारखेच उपाशी आणि सारखेच घाबरलेले त्यामुळे कुठला प्रसंग आधीचा आणि कुठला नंतरचा हे त्यांच्या मूडवरून कळायची सोयच नाही. मी स्प्रेडशीटमध्ये दिवसांच्या ओळी केल्या होत्या त्या सगळ्या खोडल्या. स्प्रेडशीट या कामाला बेकार आहे असं माझं ठाम मत झालंय, ती आधीच तारीख मागते आणि इथे तारीखच तर शोधायचीये. शेवटी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, एका प्रसंगाला एक, आणि टेबलावर पुढेमागे सरकवत बसले.

ऑडिओबुकनं तर वाटच लावली. मायकल क्रेमर आणि केट रीडिंग दोघंही भारी वाचतात त्याबद्दल वाद नाही, पुरुष पात्राचा पीओव्ही (त्याच्या नजरेतून चालणारा भाग) तो वाचतो आणि बाईचा ती, त्यामुळे चॅप्टर कुणाच्या डोक्यातून चाललाय ते आवाजावरनंच कळतं. पण दहा पानं मागे जाऊन एक वाक्य परत शोधायचं असेल तर ऑडिओ म्हणजे शिक्षा. थिअरीसाठी ईबुकचा सर्च, दुसरं काही नाही. विकीकडे तर बघायचंच नाही, नुसतं नाव टाइप केलं तरी सर्च बॉक्स पुढचं स्वतःच सुचवतो. मागचं ग्लॉसरी मी क्लिप लावून बंद केलंय. आणि तिसऱ्या पुस्तकाचं नाव 'द ड्रॅगन रिबॉर्न' ठेवलंय त्यावर काही इलाज नाही, १९९१ पासून ते असंच कव्हरवर आहे, म्हणजे ड्रॅगन (जुन्या काळचा वेडा झालेला जादूगार लूज थेरिन) परत येणार हे सांगूनच टाकलंय, प्रश्न फक्त कोण.

असो, चिठ्ठ्या. बरंच डोकं खाल्ल्यावर सुटलं ते मॅटच्या डोळ्यांमुळे. विजेच्या वेळी मॅटचे डोळे दिपतात आणि नंतर कितीतरी वेळ त्याला धड दिसत नाही, रँडला त्याला धरून न्यावं लागतं. म्हणजे मॅटचे डोळे हेच घड्याळ! जिथे मॅट खानावळीत चेंडू झेलतोय आणि रँड बासरी वाजवतोय ते सगळं विजेच्या आधीचं, कारण दिसत नसलेला माणूस जगलिंग करणार कसं. जिथे तो डोळे झाकतोय, उजेडाला वैतागतोय, ते विजेच्या नंतर लगेचचं. जिथे हळूहळू बरं दिसायला लागलंय ते त्याच्याही पुढचं. या एका नियमावर चिठ्ठ्या लावल्या आणि पटापट बसत गेल्या राव, काय आनंद झाला म्हणून सांगू. तबेल्यातल्या तापाची चिठ्ठी विजेच्या चिठ्ठीला जवळजवळ चिकटूनच बसली. माझ्या हिशोबानं मधे फार तर दोन-एक दिवस. म्हणजे आठवडा, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. उतरती भाजणी!

लेखक फिजिक्स शिकलेला, अमेरिकन नेव्हीसाठी न्यूक्लिअर इंजिनिअर म्हणून काम केलेला माणूस आहे. असा माणूस हिरोला उगाच ताप आणत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे की या सगळ्या प्रसंगांत आपण रँडच्या डोक्यात आहोत आणि तरी आपल्याला दिसत नाही. रहस्य लपवायला लेखकानं पात्राला खोटं बोलायला लावलं नाही, पात्रालाच माहीत नाही एवढंच केलं. आणि पुरुष चॅनल करतोय म्हणजे पुढे वेड लागणं ठरलेलं, प्रोलॉगमध्ये लूज थेरिनचं काय झालं ते बघितलंय आपण.

आता यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप, जो मागच्या वेळी दोघातिघांनी घेतला आणि जो मला अजून झोपू देत नाही: बेलावर बसली होती कोण? एग्वेन! आणि एग्वेनमध्ये चॅनल करायची ताकद आहे हे मॉइरेननं दगड चमकवून आपल्याला दाखवलंय. मग बेलाला तिनंच का पळवलं नसेल? रिअॅक्शन तिला आली असती म्हणाल, तर एग्वेनचा पीओव्हीच नाहीये आत्तापर्यंत, तिला कुठे तासभर थंडी वाजली असेल तर आपल्याला कोण सांगणार. बेअरलॉनचा प्रसंगसुद्धा पोरकटपणा म्हणून खपतो, मॅटनं गोफणीनं पिंपं पाडून व्हाइटक्लोक्सवर चिखल उडवला आणि रँडला हसू आवरलं नाही, एवढंच. पहिली जोडी पडली तर दुसरी 'पहिली' होते आणि तिचं अंतर आठवडा-दहा दिवसांत बसवायला ओढाताण करावी लागते. म्हणूनच मला बेला पाहिजे. माझं उत्तर सध्या एवढंच की त्या रात्री कळवळून इच्छा कुणाची दाखवलीये? रँडची. पानावर ज्याची इच्छा त्याचं काम. पुरावा म्हणून लंगडा आहे, पण वाचक म्हणून मला पुरतो.

मॅटचाही पीओव्ही नाहीये बरं का. पण शादार लोगोथमधून उचललेल्या शापित खंजिरानंतर त्याच्या संशयी वागण्याला वेगळं कारण आहे, त्यामुळे त्याच्याकडून लक्षणं काढायच्या भानगडीत पडू नका, सगळा गोंधळ होतो.

आणि मग लोगेन. पिंजऱ्यात घालून मिरवणुकीनं आणलेला खोटा ड्रॅगन मान मागे टाकून हसतो. कशाला? रँड वर भिंतीवर बसलाय. मी अजून काही बोलत नाही, पण चिठ्ठी करून ठेवलीये.

हे सगळं टाइप करता करता गॉविनचं वाक्य परत वाचलं, की डोक्याला ते आयील या वाळवंटातल्या लढवय्या लोकांचं फडकं गुंडाळलं तर रँड हुबेहूब आयील दिसेल. आम्ही सगळे आत्तापर्यंत लाल केस आणि करडे डोळे रँडच्या आईच्या, कारीच्या, खात्यावर टाकत होतो, ती बाहेरची, केमलिनची, म्हणून पोरगा आईवर गेला. पण त्याचा बाप टॅम तापात काय बरळला ते काढून बघा. आयील युद्ध, डोंगराचा उतार, बर्फ, जखमी होऊन तिथेच बाळंत झालेली बाई, आणि त्यांच्या बायका पण कधीकधी लढतात हे तो स्वतः म्हणतो. त्यांच्या म्हणजे कुणाच्या? तेव्हा वाचताना हे वाक्य माझ्या डोक्यावरनं गेलं, आता ते नुसतं ओरडतंय. डोंगर कुठला यावर माझी पैज प्रोलॉगमधल्या डोंगरावर, जिथे लूज थेरिन संपला तिथेच हा जन्मला.

आणि थांबा, थांबा. मिनला रँडभोवती काय दिसलं होतं, तो वाळूवर पाणी ओततोय. वाळू! आयील राहतात कुठे, 'वेस्ट' नावाच्या वाळवंटात. मिनची दृश्यं शब्दशः खरी होतात हे आपण बघितलंय, मॅटचा माणकाचा खंजीर आला, रँडच्या दुसऱ्या मित्राचा, पेरिनचा, लांडगा आला. म्हणजे हा पोरगा कधीतरी वाळवंटात जाणार, या पुस्तकात नाही तर पुढच्या तेरात कुठेतरी, आपल्याच माणसांकडे.

त्यामुळे प्लॅन बदलला. सरळ ४१ कडे जाणार होते, आता आधी टॅमच्या तापाचा तो भाग आणि मिनचा चॅप्टर परत वाचणार, मिनच्या प्रत्येक दृश्याची वेगळी चिठ्ठी करणार आणि झालेली-न झालेली अशी दोन टोकं लावणार. रँडभोवती दिसलेला रक्ताळलेला हात आणि पांढरा तापलेला लोखंडाचा तुकडा कुणाला कुठे बसवता येतोय का ते सांगा, पण फक्त चॅप्टर ४० पर्यंतच्या लोकांनी. मिनला दिसलेल्या रँडच्या तिरडीभोवतीच्या तीन बायकांपैकी एक एलेन असावी असं मला बागेतल्या प्रसंगावरनं वाटायला लागलंय, मलमपट्टी काय लगेच, आणि एग्वेनचं काय मग? हे जरा दोन चॅप्टर पुढे गेल्यावर.