आल्या एकदाच्या खिडक्या!

सिडकोतल्या आमच्या घराच्या लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगायच्या, बुक्की मारल्याशिवाय लागायच्या नाहीत. आज ॲल्युमिनियमच्या बसल्या. थ्री-ट्रॅक घेतल्या, म्हणजे सरकवायच्या तीन खाचा: दोन काचेला नि एक मच्छरजाळीला. रंगावरून घरात आठवडाभर महाभारत. शेवटी आईचा तपकिरीच.

एक फ्रेम मात्र अर्धा इंच तोकडी निघाली. माप फक्त वरून घेतलेलं, जुन्या भिंती कुठल्या सरळ असायला! कारागीर म्हणाला, "सिलिकॉन भरतो ना भाऊ." म्हटलं, अर्धा इंच सिलिकॉन? परत न्या.

बाकीच्यांवर बादलीभर पाणी ओतून बघितलं. एकीतून सरळ आत! खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकंच पाडली नव्हती. तिथेच ड्रिल मारून घेतलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "सगळं छान, पण माझी तुळशीची कुंडी कुठे ठेवू?"