पाच आधी की नंतर?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज गृहपाठाला दीड तास लागला, त्यातला पाऊण तास एकाच उदाहरणात गेला. लेकीचं गणित इंग्रजीतून आहे आणि डोक्यातला हिशोब मराठीतून.

उदाहरण असं : 'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज इलेव्हन.' तिने मांडलं ५ − २क्ष = ११, आणि उत्तर काढलं उणे ३. मागे उत्तर होतं ८. मी सवयीने म्हणाले, "घाई केलीस." तिने वही पुढे केली. पायऱ्या सगळ्या बरोबर. पडताळासुद्धा घेतलेला, ५ वजा उणे ६ म्हणजे ११. जुळतंय की! मग मलाच गप्प बसावं लागलं.

चूक पहिल्या ओळीत होती. वाक्यात 'फाइव्ह' आधी दिसलं म्हणून तिने ५ आधी लिहिले. तेच मराठीत म्हणून बघितलं : 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी.' इथे दुप्पट आधी येते, पाच नंतर. जसं बोलतो तसं लिहीत गेलं की २क्ष − ५ आपोआप उतरतं. मराठीने इथे फुकटात मदत केली. आणि पडताळा आपणच मांडलेल्या समीकरणात घेऊन काय उपयोग, तो मूळ वाक्यात घ्यायचा. उणे ३ ची दुप्पट उणे ६, त्याहून ५ ने कमी म्हणजे उणे ११. तिथे फसवणूक लगेच उघडी पडते. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि माझंच लक्ष नव्हतं, देव जाणे.

इंग्रजीत 'अ' की 'अ‍ॅन' हा घोळ. ए, ई, आय, ओ, यू पाठ, म्हणून युनिव्हर्सिटीला 'अ‍ॅन' आणि अवरला 'अ'. दोन्ही चूक. तिला म्हटलं, शब्द देवनागरीत लिही. 'अवर' स्वराने सुरू होतो, 'युनिव्हर्सिटी' य ने. एमएलए? ए, म्हणजे 'अ‍ॅन'. वन-वे? व, म्हणून 'अ'. पुढची दहा वाक्यं तिने न विचारता संपवली.

मग 'डाउट'मधला न उच्चारायचा 'बी' निघाला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो त्यात नव्हता, लॅटिन मूळ दिसावं म्हणून नंतर बसवला, असं सांगितल्यावर म्हणते, "मग तो माझ्या स्पेलिंगमध्ये कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचं उदाहरण मीच सोडवून दाखवायला बसले. 'सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेंटी.' मी लिहिलं ७ − २०. तिने काही न बोलता पेन्सिल घेतली आणि 'फ्रॉम'भोवती गोल काढला.