उलट्या आट्याचं बटण

सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून दुपारी आजीचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात बिस्किटं आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाहीत. सुया, रिळं आणि बटणं. तळाशी एक पितळी बटण निघालं, कुणाच्या कोटाचं कोण जाणे. ते बोटांत फिरवता फिरवता क्लेटन हटन आठवला.

शत्रूच्या कैदेतून सैनिकांना निसटता यावं म्हणून ब्रिटिशांनी १९३९च्या डिसेंबरात एमआय-९ नावाचं खातं काढलं. हटन तिथला वल्ली. बटणाच्या पोटात होकायंत्र बसवायचा. अशी बटणं उघडतात हे जर्मनांना कळलं, तेव्हा पठ्ठ्याने आटेच उलटे पाडले. आता झडती घेणारा जितका जोर लावेल, तितकं बटण घट्ट! नकाशे रेशमावर छापलेले, कारण कागद कुरकुरतो आणि चुगली करतो. बुटाच्या नाडीत शल्यवैद्यांची हाडं कापायची तारेची करवत. दाढीचं पातं चुंबकवलेलं. दोऱ्याला टांगलं की उत्तर दिशा दाखवणार. इंग्लंडातल्या केसविक गावच्या कारखान्यातल्या पेन्सिलींत गुंडाळलेला नकाशा असे, पण पुढे खरं शिसं. लिहिताही यायचं. मला हेच आवडतं. कुलूप फोडायची हत्यारं कुणीही करेल. चेहऱ्यावरची रेष न हलवता लिहीत बसणारी पेन्सिल वेगळी.

आग्र्याचे पेटारे आपल्याला चौथीपासून पाठ, पण आमच्याकडे पेटारा नव्हता. मे महिन्यात दुपारी आजी आम्हा पोरांना माजघरात घालून बाहेरून कडी लावायची. ऊन बाधतं म्हणून. मामेभावाच्या कंपासपेटीत स्टीलची पट्टी होती. सुट्टीत याला कंपासपेटी कशाला लागते, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. दाराच्या फटीतून पट्टी सरकवायची, अंदाजाने कडी वर उचलायची. पडताना ती खणकन वाजायचीच. मग आम्ही श्वास रोखून उभे. पडवीत आडवी झालेली आजी डोळे न उघडता म्हणायची, "टोप्या घाला रे."

शेवटच्या वर्षी ती कॉटवरून उठू शकत नव्हती. दोन्ही बाजूंना कठडे लावले होते. डबा मात्र उशाशी लागायचा. रोज उघडून चाचपायची, काही सापडलं नाही की मिटायची. काय शोधतेस, हे आम्ही विचारलं नाही.

पितळी बटण दोन्हीकडे फिरवून पाहिलं. भरीवच आहे. सदऱ्याला लावलं, बाकीच्यांशी जुळत नाही.