तुम्ही विचारलंत म्हणून

"युद्धाचं सामान घरात कशाला ठेवता?" कपाटावरच्या ईई-८ कडे बोट दाखवून येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैन्याचा फील्ड टेलिफोन आहे तो. माझं उत्तर ठरलेलं असायचं : बंदूक मारायला बनते, हा बोलायला बनला.

आणि बनवलाय किती जीव लावून! आत दोन सेल, तीन व्होल्ट, तेवढे फक्त बोलण्यासाठी. पलीकडची घंटा वाजवायला हाताने फिरवायचा मॅग्नेटो, म्हणजे छोटं वीज जनित्र. सेल संपले तरी घंटा वाजणारच. पॅसिफिकच्या आणि ब्रह्मदेशाच्या दमट जंगलांत उपकरणांना बुरशी धरू लागली, तेव्हा आतल्या भागांवर बुरशीरोधक लेप चढू लागला. चामड्याच्या पिशवीची जागा कॅनव्हासने घेतली. तेव्हा टेलिफोनच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने राबत होत्या. यातली कॉइल कुणी गुंडाळली असेल, हा विचार मी अनेकदा करतो.

मग ते शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आलं. एका मुलाने टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या टोकांवर, बोटं ठेवली, दुसऱ्याने हँडल फिरवलं. पहिला किंचाळला, बाकीची पोरं हसली. मागे उभे असलेले एक निवृत्त प्राध्यापक मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अल्जीरियात फ्रेंच सैनिक कैद्यांना असेच झटके द्यायचे. फील्ड टेलिफोनच्या मॅग्नेटोने. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "सर, ते सेट फ्रेंच. हा अमेरिकी आहे."

"मग व्हिएतनामचं वाचा," ते म्हणाले.

वाचलं. 1954 ते 1962 या काळात, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, त्या जनित्राला फ्रेंच सैनिकांनी लाडाने 'जेजेन' म्हणावं, हे वाचून पुस्तक मिटवलं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी फील्ड टेलिफोनही त्याच कामी आले होते. बॅटरी लागत नाही, खांद्याला अडकवून नेता येतो, प्रत्येक तुकडीकडे असतोच. ज्या गुणांचं मी कौतुक करत होतो, तेच सगळे गुण तिथे उपयोगी पडले होते.

यंत्राचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो. पण कारखान्यातल्या त्या बाईच्या कष्टाचं श्रेय यंत्राला द्यायचं आणि कैद्याच्या किंकाळीच्या वेळी ते निर्जीव ठरवायचं, हे मला आता जमत नाही. टेलिफोन मी काढणार नाही, पोरांना हँडलही फिरवू देतो. फक्त टर्मिनलवर आता झाकण बसवलंय, आणि कशासाठी असं कुणी विचारलं, तर अल्जीरियाचं सांगतो.